लष्करी क्वार्टरमध्ये राहायला येताना: जवानांच्या कुटुंबांचे नेहमीचे प्रश्न

ही माहिती भूदलातल्या जवान, एनसीओ (नायक, हवालदार) आणि जेसीओंच्या (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) कुटुंबांसाठी आहे, आणि त्यातही पहिल्यांदाच गाव सोडून पीस स्टेशनच्या, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येतं अशा ठाण्याच्या क्वार्टरमध्ये येणाऱ्या वहिनींसाठी. घरचा माणूस कधी एक्सरसाइजला असतो, कधी कोर्सवर, कधी फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा भागात. त्यामुळे इथली बरीच कामं बाईलाच एकटीने करावी लागतात. नियम तिला स्वतःला ठाऊक असतील तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. प्रत्येक स्टेशनचे स्थायी आदेश थोडे वेगळे असतात. जिथे फरक पडेल तिथे तुमच्या स्टेशनचा आदेश चालतो.

लग्न झालं. क्वार्टरसाठी आधी काय करायचं?

आधी पार्ट टू ऑर्डर. जवानाच्या आयुष्यातला बदल, म्हणजे लग्न, मूल, पत्ता, नॉमिनी, युनिटमधून पार्ट टू ऑर्डरने प्रसिद्ध होतो आणि रेकॉर्ड ऑफिसात चढतो. तो चढेपर्यंत सैन्याच्या कागदावर बायको नाही. मग आश्रित कार्ड नाही, हॉस्पिटल नाही आणि क्वार्टरच्या यादीत नावही नाही. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, दोघांचा एकत्र फोटो आणि दोघांचं आधार हे कागद लागतातच. बाकी काय जोडायचं ते युनिटचा क्लार्क सांगतो.

अडतं कुठे? आपल्या महाराष्ट्रात अडतं ते नावात. लग्नानंतर आपल्याकडे आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं. आधारवर वडिलांचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर नवऱ्याचं, बँकेत तिसरंच काही, आणि इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळं. असा संच रेकॉर्ड ऑफिसातून आक्षेप लागून परत येतो आणि त्यात महिने जातात. म्हणून आधी एक नाव आणि एक स्पेलिंग ठरवा. लग्नाच्या दाखल्यावरून आधार बदला, आधारवरून पॅन आणि बँक. पार्ट टूची फाइल त्यानंतरच द्या.

बाळाचं नाव कधी चढवायचं?

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली पाहिजे. बाळ जिथे जन्मलं तिथल्या निबंधकाकडे ती होते, आणि कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत जन्म असेल तर कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे. बारसं व्हायचं असेल तर नावाशिवाय नोंद करता येते. एक वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पण पार्ट टूसाठी नाव असलेला दाखला लागतो, म्हणून फार लांबवू नका. दाखल्यावर आईचं नाव पार्ट टूमधल्यासारखंच आहे ना, हे काउंटरवरच वाचून बघा.

क्वार्टर किती दिवसांत मिळतं?

स्टेशनवर किती क्वार्टर आहेत आणि तुमच्या आधी किती नावं आहेत, एवढ्यावर ते आहे. २००२ साली मॅरिड अकोमोडेशन प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून बऱ्याच ठिकाणी नवे बहुमजली ब्लॉक झाले, तरी मोठ्या स्टेशनांवर वाट बघावी लागतेच. अलॉटमेंट लेटर हातात पडल्याशिवाय सामान हलवू नका. "पुढच्या आठवड्यात मिळेल" या निरोपावर ट्रक भरून आणायचा आणि मग भाड्याची खोली शोधत फिरायचं, हे फार जणांच्या वाट्याला येतं.

तोवर बाहेर राहायचं तर युनिटकडून आउट लिव्हिंगची परवानगी घ्या आणि रीतसर भाडेकरार करा. क्वार्टर ताब्यात घेतलं की त्या तारखेपासून एचआरए (घरभाडे भत्ता) बंद होतो आणि वीज-पाण्याचं जे देणं असेल ते पगारातून कापलं जातं. पहिल्या दोन महिन्यांची पे स्लिप नीट बघा. एचआरए चालू राहिला असेल तर आनंद मानू नका, नंतर एकदम वसुली होते.

कॅन्टोन्मेंट आणि मिलिटरी स्टेशन एकच का?

नाही. कॅन्टोन्मेंटमध्ये लष्करी भागासोबत नागरी वस्ती आणि बाजारही असतो, आणि २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली बोर्ड त्याचा कारभार बघतं. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, अहिल्यानगर, देवळाली, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी ही कॅन्टोन्मेंट. मिलिटरी स्टेशन संपूर्ण लष्कराचं असतं. राहणाऱ्याला फरक जाणवतो तो दाखले, कर आणि नागरी कामांत. क्वार्टरची दुरुस्ती दोन्हीकडे एमईएसच (मिलिटरी इंजिनिअर सर्व्हिसेस, लष्कराचा बांधकाम-देखभाल विभाग) करते.

मार्चिंग इनच्या दिवशी नेमकं काय बघायचं?

मार्चिंग इन म्हणजे क्वार्टर यादीप्रमाणे ताब्यात घेणं. या दिवशी घाई करू नका. तुम्ही सही करता त्या यादीवरच जाताना तुमचा हिशोब होतो. आधीच्या कुटुंबाने फोडलेलं बेसिन तुमच्या यादीत "चांगलं" म्हणून लिहिलं गेलं, तर जाताना त्याचे पैसे तुमच्याकडून बॅरॅक डॅमेज म्हणून घेतले जातात. एमईएसचा माणूस चावी घेऊन येतो तेव्हा दिवसाउजेडी, वीज आणि पाणी दोन्ही चालू असताना घर ताब्यात घ्या.

दारापासून सुरू करा. कुलूप, कडी, चाव्या किती, जाळीचं दार नीट बंद होतं का. मग प्रत्येक खोलीत पंखा सगळ्या वेगांवर चालवा, रेग्युलेटर फिरवा, ट्यूब लावा, काचा मोजा. तडा गेलेली काच "तडा" म्हणूनच लिहून घ्या. संडासात फ्लश दोनदा ओढा, कारण पहिल्यांदा टाकी भरलेली असते. दुसऱ्या वेळी पाणी येतं का ते महत्त्वाचं. सिंकखाली हात घालून ओल बघा. गिझर असेल तर दहा मिनिटं चालवून पाणी खरंच तापतं का बघा. गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का, भिंतीला वरच्या कोपऱ्यात पापुद्रे आहेत का, कपाटाच्या मागच्या फळीला वाळवी आहे का, हेही. फर्निचरवर रंगाने नंबर टाकलेले असतात. यादीतला नंबर आणि खाटेवरचा नंबर जुळवा.

शेवटी वीज मीटरचं रीडिंग यादीवर लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. घराच्या आतल्या मोडतोडीचे फोटो तारखेसह ठेवा. यादीची तुमची प्रत मागून घ्या. "नंतर देतो" म्हटलं तर तिथेच दुसरी प्रत हाताने लिहून सही घ्या.

एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारा विजेचा स्विच) सारखा पडतो. एमईएसवाले आले की चालतो, गेले की पुन्हा पडतो. असं का?

बहुतेक वेळा कारण लोड असतं. जुन्या क्वार्टरमध्ये दोन-तीन पॉवर पॉइंट एकाच सर्किटवर असतात. गिझर २००० वॅट, इंडक्शन २००० वॅट, इस्त्री १००० वॅट, मिळून ५००० वॅट. २३० व्होल्टला हे सुमारे २२ अँपियर होतात. १६ अँपियरचा एमसीबी एवढ्यावर लगेच पडत नाही, काही वेळाने आतून तापून पडतो. म्हणून मेकॅनिक आला तेव्हा सगळं ठीक दिसतं आणि सकाळी डब्याच्या घाईत नेमका अंधार होतो. आधी गिझर, तो बंद करून इंडक्शन, असा क्रम लावला की हा त्रास बहुधा थांबतो.

वर करताक्षणी एमसीबी खाली येत असेल तर ती गोष्ट वेगळी. तो शॉर्ट किंवा बिघडलेलं उपकरण आहे. सगळे प्लग काढा आणि एकदाच वर करून बघा. तरी पडला तर हात लावू नका, तक्रार करा. बाजारातून ३२ चा एमसीबी आणून बसवायचा उपाय शेजारी कुणी सांगितला तर ऐकू नका. मग एमसीबी पडत नाही आणि भिंतीतली वायर तापते.

बिलाचा अंदाज हवा असेल तर २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, असा हिशोब धरा. एसी लावायचा असेल, भिंतीला भोक पाडायचं असेल, तर आधी लेखी परवानगी.

एमईएसची तक्रार कशी केली म्हणजे काम होतं?

रजिस्टरमध्ये किंवा ऑनलाइन नोंद करून, नंबर घेऊन. फोनवर "या हो कुणीतरी" म्हटलेलं कुठेच राहत नाही. एमईएसमध्ये दोन बाजू आहेत. बी/आर म्हणजे बांधकाम: भिंत, दार, फरशी, गळती. ई/एम म्हणजे वीज, पंप, मोटर. नळाला पाणीच नाही, तर ते पंपाचं काम असू शकतं. नळ गळतो, तर प्लंबरचं. चुकीच्या बाजूला नोंद झाली की तक्रार इकडून तिकडे जाण्यातच आठवडा जातो.

नेमकं लिहा. "बाथरूम खराब" असं लिहू नका. "न्हाणीघरातला अर्धा इंची नळ, वॉशर गेला, बंद होत नाही" असं लिहिलं की माणूस वॉशर बरोबर घेऊन येतो. काम न होता तक्रार बंद झाल्याचं दाखवलं तर त्याच नंबरचा उल्लेख करून पुन्हा नोंदवा आणि युनिटच्या क्वार्टर बघणाऱ्या जेसीओंना सांगा.

पाणी ठरावीक वेळीच येतं. साठवायचं कसं?

झाकण असलेल्या भांड्यात, आणि आठवड्यातून एक दिवस सगळं रिकामं करून घासून वाळवायचं. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच स्टेशनवर आठवड्याचा ड्राय डे असतो. कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली आणि गच्चीवरचा जुना टायर या चार जागा हमखास राहून जातात. आरोग्य पथक तपासणीला येतं तेव्हा दार उघडा आणि त्यांना आत बघू द्या. तुमच्या कूलरमधला डास शेजारच्या बाळाला चावतो.

आजारी पडलं तर कुठे जायचं?

साध्या आजाराला एमआय रूम (युनिटचा किंवा स्टेशनचा दवाखाना), तिथून गरज पडली तर मिलिटरी हॉस्पिटल. आश्रित कार्ड आणि मुलांचं लसीकरण कार्ड नेहमीच्या पिशवीतच ठेवा. एमआय रूमची वेळ, रात्रीच्या ड्यूटी डॉक्टरचा नंबर आणि अँब्युलन्सचा नंबर आल्याच्या दिवशीच कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच रात्री गेलेली असते.

जीवावर बेतलं असेल तर जवळचं कुठलंही हॉस्पिटल गाठा. पण त्याच दिवशी युनिटला आणि जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला कळवा, आणि तातडीची गरज होती असं डॉक्टरांचं लेखी प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड व मूळ बिलं जपून ठेवा. परतावा नाकारला जातो तो बहुतेक वेळा उशिरा कळवल्यामुळे किंवा हे प्रमाणपत्र नसल्यामुळे.

बाळंतपण माहेरी करायचं ठरलं असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच इथे नाव नोंदवा आणि तपासणीचं कार्ड, सोनोग्राफी रिपोर्ट घेऊनच माहेरी जा. माहेराजवळ मिलिटरी हॉस्पिटल कुठलं, तिथे किती वेळ लागतो, हे सातव्या महिन्याआधी ठरलेलं असावं. आपल्या सोयीने खाजगी दवाखाना निवडला तर तो खर्च आपलाच.

सासू-सासऱ्यांनाही हॉस्पिटल मिळतं का?

उत्पन्नाच्या मर्यादेत असतील आणि आश्रित म्हणून पार्ट टू झाला असेल तर मिळतं. कार्ड त्यांच्या नावाचं वेगळं करावं लागतं.

कॅन्टीन कार्डाबद्दल काय लक्षात ठेवायचं?

सीएसडीचा, म्हणजे १९४८ साली सुरू झालेल्या आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंटचा माल युनिटच्या कॅन्टीनमधून मिळतो. किराण्याचं आणि दारूचं कार्ड वेगळं. दर महिन्याची खरेदीची मर्यादा हुद्द्याप्रमाणे असते. महिनाअखेरीस स्टॉक मोजणीसाठी कॅन्टीन बंद असतं, म्हणून तेल-साबणाची खरेदी २० तारखेच्या आत उरका. पगाराच्या आठवड्यातली पहिली सकाळ टाळली तर तासभर वाचतो. फ्रिज, टीव्ही, गाडी यांसारख्या वस्तू एएफडीच्या (अगेन्स्ट फर्म डिमांड, म्हणजे आधी मागणी नोंदवून घ्यायच्या मोठ्या वस्तू) पोर्टलवर मागणी नोंदवून मिळतात.

गावाकडचे लोक माल मागतात आणि नाही म्हणणं जड जातं, हे खरं. तरी विकण्यासाठी माल देऊ नका. सीएसडीच्या मालाला जीएसटीत निम्मी सवलत आहे आणि ती सैनिकाच्या घरापुरतीच आहे. बाजारात माल सापडला तर कार्ड बंद होतं आणि जवानावर कारवाई होते.

मुलांची शाळा: केंद्रीय विद्यालय की आर्मी पब्लिक स्कूल?

दोन्ही सीबीएसई. केंद्रीय विद्यालयात फी फार कमी आणि बदलीच्या नोकरीतल्यांना पहिलं प्राधान्य. पहिलीला ३१ मार्चला सहा वर्षं पूर्ण हवीत, आणि गेल्या सात वर्षांत वडिलांच्या किती बदल्या झाल्या ते मोजलं जातं. त्यामुळे बदल्यांचं प्रमाणपत्र युनिटकडून वेळेत घ्या. आर्मी पब्लिक स्कूल १९८३ साली स्थापन झालेल्या आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटीच्या असतात. फी जास्त, पण बऱ्याचदा क्वार्टरच्या जवळ.

नववी ते बारावी सांभाळा. दहावी आणि बारावीत शाळा बदलायची तर सीबीएसईची मंजुरी लागते. वडिलांची बदली हे त्याचं मान्य कारण आहे, पण कागद लागतात. या वर्षांसाठी मुलांच्या शिक्षणाच्या कारणावरून क्वार्टर राखून ठेवायचा अर्ज करता येतो. पोस्टिंग ऑर्डर आली की लगेच करा.

आणि मराठी. दर तीन वर्षांनी राज्य बदललं की शाळेत मराठी मिळेलच असं नाही. रोज रात्री दहा मिनिटं मोठ्याने मराठी वाचून घेतलं तर मूल आजीला पत्र लिहू शकतं. हे शाळा करणार नाही, घरानेच करायचं आहे.

गावाकडून पाहुणे येणार आहेत. गेटवर काय लागतं?

प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र आणि तुमच्याकडून आधी दिलेली नावं, गाडीचा नंबर. मोबाइलमधला आधारचा फोटो अनेक गेटवर चालत नाही. मुक्काम असेल तर युनिटला कळवून तेवढ्या दिवसांचा पास घ्या आणि तारीख संपायच्या आत वाढवा. कामवाली, दूधवाला, शिकवणीचे सर, सगळ्यांना पोलीस पडताळणी होऊन पास लागतो. परदेशी नागरिक असलेला नातेवाईक आणायचा तर बऱ्याच आधी परवानगी काढावी लागते. आयत्या वेळी गेटवरून परत जावं लागतं.

गाडी हळू, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट. संध्याकाळी रिट्रीटला झेंडा उतरताना जवळपास असाल तर थांबा आणि उभे राहा, मुलांनाही उभं करा.

फोटो, रील, व्हॉट्सअ‍ॅप: काय चालतं?

घरातला वाढदिवस चालतो. गेट, गाड्या, युनिटचा बोर्ड, गणवेशावरची चिन्हं, ट्रेनमध्ये चढणारी पलटण, यांतलं काहीही नाही. मागे दिसणारा बोर्डही लक्षात घ्या. २०२० साली सैन्याने जवानांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप काढून टाकायला सांगितली, ती याच धोक्यामुळे. "मिस्टर एक्सरसाइजला गेले, महिनाभर एकटी" असं स्टेटस ठेवू नका; त्यातून हालचालही कळते आणि घरात पुरुष नाही हेही. कॅन्टीनमधून, रेकॉर्ड ऑफिसातून बोलतोय असं सांगून कुणी आर्मी नंबर, युनिट किंवा ओटीपी विचारला तर फोन ठेवा आणि युनिटला सांगा.

मुलं रेंजच्या बाजूला खेळायला जातात. काही धोका आहे का?

जीवाचा धोका आहे. फायरिंग रेंजवर न फुटलेला दारूगोळा मातीत राहतो, आणि गंजलेला असला तरी तो मेलेला नसतो. हातात घेतल्यावर, दगडाने ठोकल्यावर तो फुटतो. पितळेच्या लोभाने तो उचलणारी माणसं आणि पोरं दगावली आहेत. मुलांना तीन गोष्टी पाठ करून घ्या: हात लावायचा नाही, जागा लक्षात ठेवायची, मोठ्यांना सांगायचं. लाल झेंडा लागला की त्या बाजूला जायचंच नाही.

मिस्टरांची फील्डला पोस्टिंग आली. आम्ही कुठे राहायचं?

दोन वाटा: नियमात बसेल तेवढा काळ हेच क्वार्टर राखायचं, किंवा सेपरेटेड फॅमिली, म्हणजे एसएफ क्वार्टरसाठी आपल्या पसंतीच्या स्टेशनवर अर्ज करायचा. दोन्ही अर्ज जवान निघण्याआधी गेले पाहिजेत. तो पोस्टवर पोचल्यावर सही मिळवणं अवघड होतं.

निघण्याआधीच्या आठवड्यात एक वही करा. त्यात आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता, एएफपीपी फंड (सैनिकांचा भविष्य निर्वाह निधी) आणि आर्मी ग्रुप इन्शुरन्सचे तपशील, दोन्हीकडे नॉमिनी कोण, बँकेचं संयुक्त खातं, युनिटच्या रिअरचा (मागे राहिलेल्या तुकडीचा) फोन. नॉमिनी अजूनही वडीलच असतात असं पुष्कळदा निघतं. ते दोघांनी बसून ठरवा. हा विषय अशुभ म्हणून टाळू नका.

पत्ता लिहिताना नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी डाकघर), पूर्वेकडच्या युनिटला ९९ एपीओ. गावाचं किंवा जागेचं नाव लिहायचं नाही. खाजगी कुरिअर तिथे पोचत नाही, फक्त भारतीय डाक. राखी तीन आठवडे आधी टाका. फराळात शंकरपाळी आणि चिवडा तग धरतात, ओल्या खोबऱ्याच्या करंज्या वाटेतच खवट होतात.

गॅस, गाडी, मतदान यांचं काय?

गॅस: दुसऱ्या शहरात जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून ट्रान्सफर व्हाउचर आणि अनामत घ्या, नव्या ठिकाणी ते दाखवून जोडणी मिळते. रेग्युलेटर ट्रकमध्ये गेला की सगळं अडतं.

गाडी: दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नव्याने नोंदणी लागते. २०२१ पासून बीएच मालिकेचा नंबर मिळतो, सैनिक त्याला पात्र आहेत, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा आणि बदलीत नंबर तोच.

मतदान: जवान सर्व्हिस व्होटर म्हणून गावच्या मतदारसंघात राहू शकतो आणि पोस्टल बॅलट मिळतं. त्याच्यासोबत राहणाऱ्या पत्नीचीही तशी नोंद होते. किंवा पीस स्टेशनवर साधे मतदार व्हा. नाव एकाच ठिकाणी.

क्वार्टरमधून शिवणकाम, पार्लर, खानावळ चालवता येते का?

परवानगीशिवाय कुठलाही धंदा नाही, आणि खोली दुसऱ्याला देणं तर अजिबात नाही. शिकायचं असेल, हाताला काम हवं असेल तर आव्वा (AWWA) या सैनिकांच्या पत्नींसाठीच्या कल्याण संस्थेच्या केंद्रात चौकशी करा. शिवण, संगणक, बेकरी असे वर्ग बऱ्याच स्टेशनांवर चालतात.

बदली झाली. सामान आणि मार्चिंग आउट (क्वार्टर परत देणं) कसं उरकायचं?

सरकारी खर्चाने न्यायच्या सामानाचं वजन पे लेव्हलवर ठरतं: शिपाई ते नायक १५०० किलो, हवालदार ३००० किलो, जेसीओ ६००० किलो. शिवाय २० किलोमीटरपेक्षा लांब बदली असेल तर मूळ वेतनाच्या ८० टक्के ट्रान्सफर ग्रँट. ट्रान्सपोर्टचं बिल, पावती, वजन यांवर नाव आणि तारीख बरोबर हवी. खाडाखोड असलेलं बिल क्लेममध्ये अडकतं. काळ्या ट्रंकेत भांडी, कपडे, पुस्तकं. प्रत्येक पेटीवर नंबर आणि झाकणाच्या आत यादी. शाळेचे दाखले, पार्ट टूच्या प्रती, लसीकरण कार्ड, गॅसचं व्हाउचर ट्रकमध्ये टाकायचं नाही, ते हातातल्या पिशवीत.

मार्चिंग आउटच्या पंधरा दिवस आधी जुनी यादी काढून घरातून एक फेरी मारा. फुटलेली काच, हरवलेली चावी, तुटलेला नळ बाजारातून आणून बसवणं बॅरॅक डॅमेज भरण्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतं. भिंतीतले खिळे काढून भोकं बुजवा. गॅसशेजारच्या टाइल्स सोड्याने घासा, तपासणारा तिथेच पहिला बघतो. मीटरचं शेवटचं रीडिंग लिहा, वीज-पाण्याचं नो ड्यूज घ्या, आणि चावी देताना क्वार्टर सोडल्याची तारीख असलेला दाखला हातात घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. नव्या स्टेशनवर एचआरए त्याच कागदावर चालू होतो.